मिसळणाच्या डब्यातलं औषधदान

आमच्या घरात गोळ्या मिसळणाच्या डब्यात असायच्या. मोहरी, जिरं, हळदीसाठी वेगळा डबा होता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक आमच्या आमटीबद्दल नको ते समज करून घेतील. गोळ्यांचा डबा आत्तीचा. आत्ती म्हणजे आण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि पंधरा दिवसांत घराची गृहमंत्री झाली. तिला गोळ्यांची पाकिटं फोडता येत नसत, म्हणून महिन्यातून एकदा कुणीतरी पेपर पसरून बसायचं आणि मटार सोलावेत तशा सगळ्या गोळ्या सोलून सात वाट्यांत भरायच्या. एका वाटीत बीपीच्या, एकीत पित्ताच्या, एकीत कॅल्शियमच्या, एकीत झोपेच्या. उरलेल्या तीन वाट्यांत तिला स्वतःला न लागणाऱ्या, पण गावाला लागणाऱ्या.

गाव म्हणते ते उगाच नाही. सांगलीपासून अर्ध्या तासावर आमची जैन गल्ली. दुपारी तीनला आत्ती ओसरीवर डबा घेऊन बसली की बायका यायच्या. आमच्यात दानाचे चार प्रकार सांगतात: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. आहारदान आईकडे होतं, ज्ञानदान करण्याइतकं ज्ञान आमच्या घरात कुणाकडे नव्हतं, आणि औषधदान आत्तीनं आपल्याकडे घेतलं होतं. मुनीमहाराजांना काढा द्यावा एवढाच त्याचा मूळ अर्थ असेल. आत्तीनं धंदा वाढवला.

"आत्ती, टाळकं लय ठणकतंय ओ."

"घे ही पिवळी. उपाशीपोटी खाऊ नको."

"डोळ्याला डोळा लागंना झालाय."

"मग ही बारकी पांढरी. निम्मी आज खा, निम्मी उद्या."

गावातले डॉक्टर आमच्या घरावरून जाताना ओसरीकडे बघायचे, ते समोर दुसरं दुकान उघडल्यावर आधीच्या दुकानदारानं बघावं तसं.

आत्तीचा दुसरा नियम सूर्याचा. सूर्य मावळल्यावर तोंडात काही नाही. अन्न नाही, पाणी नाही, औषधही नाही. त्यामुळे दिवसभराच्या उरलेल्या सगळ्या गोळ्या ती संध्याकाळी सहाला उकळलेल्या पाण्याबरोबर एकदम घ्यायची. झोपेचीसुद्धा. साडेसातला बातम्या चालू असायच्या आणि आत्ती घोरत असायची.

मला हे सगळं फार विनोदी वाटायचं. मी पुण्यात होते, इंजिनिअर होते, आणि माझ्या गोळ्या पर्समध्ये असायच्या.

त्यातली पहिली नाचायची. तिची रासायनिक नावं, टोपणनावं मी सांगत बसत नाही; आम्ही आपली नाचायची गोळीच म्हणायचो. ऑफिसातल्या चौघांबरोबर शनिवारी क्लबात जायचं, कुणीतरी ती हातावर ठेवायचं, आणि तासाभरात मला अखिल मानवजातीविषयी प्रेम वाटू लागायचं. एकदा मी पार्किंगवाल्या काकांना मिठी मारून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली होती. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, गाडी काढा." ज्या मुलीच्या घरात कांदा-लसूणही जपून खातात, तिनं हे करावं याचीही एक वेगळी नशा होती, खोटं कशाला बोलू.

पण रविवारी ते प्रेम उतरायचं. जबडा दुखायचा, डोळे सताड उघडे, आणि सोमवारी सकाळी साडेनऊची मीटिंग. तेव्हा त्याच चौघांतल्या एकानं दुसरी गोळी दिली. झोपेची. ही मात्र औषधाच्या दुकानातली, त्याच्या मामाच्या चिठ्ठीवरची. तिच्यावर कंपनीचा शिक्का, बॅच नंबर, संपण्याची तारीख. मला फार बरं वाटलं. नाचायची गोळी म्हणजे पाप हे मला कळत होतं, पण जिच्यावर एक्स्पायरी छापलेली आहे ती वस्तू वाईट कशी असेल? ती तर औषध! शनिवारी केलेलं पाप रविवारी औषधानं फिटत होतं. वर्षभरात असं झालं की नाचायची महिन्यातून एकदोनदा आणि झोपेची रोज. मग रोज दोन. ज्या गोळीला मी घाबरायला हवं होतं तिला मी घाबरतही होते. आणि जिला घाबरत नव्हते तिनं मला आतून पोखरलं.

माझ्या खोलीतली मैत्रीण म्हसवडची. तिच्या वडिलांची अजून मेंढरं आहेत आणि ती तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे पाचला पळायला जायची, आणि पाठ टेकली की झोपायची. मला म्हणायची, "झोपाय गोळी लागती व्हय गं? आमच्या मेंढरांमागं एक दिस फीर, उभ्यानं झोपशील." एका रविवारी दुपारी ती आली तर खोलीत घोटाभर पाणी. मी बाथरूममध्ये उघड्या नळाखाली बसून झोपले होते. बादली वाहतेय, मी वाहतेय. तिनं मला दोन थोबाडीत दिल्या, दोन पाकिटं शोधून काढून संडासात सोडली आणि म्हणाली, "पंचनाम्यात माझं नाव आलं तर माझी भरती जाईल. ऊठ. गावाला जा." एवढा प्रेमळ निरोप मला आजवर कुणी दिलेला नाही. संध्याकाळच्या आत तिनं मला सांगलीच्या एसटीत बसवलं.

साताऱ्याला गाडी थांबली. आत्तीसाठी कंदी पेढे घ्यायचे असं मी स्वतःला सांगितलं आणि थेट स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदारानं विचारलं, "चिठ्ठी?" मी म्हणाले, घरी राहिली. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "ताई, लिंबूपाणी घ्या, शेजारी गाडा आहे." मी चिडून पेढेच घेतले.

घरी त्याच दिवशी पर्व चालू झालं होतं. पर्युषणाचे, भाद्रपदातले ते दहा दिवस. आत्तीचं एकासन: दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचं, मग संध्याकाळी गोळ्यांपुरतं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेढे देवापुढे ठेवले, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं. पुण्यात जेवाय घालत न्हाईत व्हय?" मी म्हणाले, काम फार असतं.

पहिल्या रात्री झोप नाही. दुसऱ्या रात्रीही नाही, आणि अंगात मुंग्यांचं वारूळ. अशी सवय एकदम तोडायची नसते, डॉक्टरच्या हातून हळूहळू सोडवायची असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हसवडच्या त्या होऊ घातलेल्या पोलीसबाईंनाही नव्हतं. मला फक्त एवढंच ठाऊक होतं की माजघरात फळीवर एक स्टीलचा डबा आहे आणि त्यात चौथी वाटी आहे.

तिसऱ्या दिवसापासून मी चोरायला लागले. दोन, मग तीन. पाचव्या दिवशी वाटीचा तळ दिसू लागला. आता माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. आण्णांना साखर आहे. त्यांच्या ड्रॉवरमध्ये गोळ्यांची पाकिटं होती, तशाच बारक्या, पांढऱ्या. मी विचार केला, तो असा, आणि मला तो अजूनही शब्दशः आठवतो: आत्तीला साखरेचा आजार नाही, म्हणजे या गोळीला तिच्या अंगात कामच नाही. बेकारासारखी येईल, फिरेल आणि निघून जाईल. मी आठ-दहा गोळ्या सोलल्या आणि वाटी भरली. लहानपणापासून बघत आले होते, याची गोळी त्याला, त्याची हिला, आणि आजवर कुणी मेलं नव्हतं. आम्हा लोकांना गोळी म्हणजे शेंगदाणा वाटतो.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी आत्तीच्या खोलीतच लॅपटॉप घेऊन बसले होते. नेटवर्क तिथंच येतं. ती नेहमीप्रमाणे सहाला गोळ्या घेऊन आडवी झाली. आठ वाजले असतील. मी मेल लिहीत होते आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, घोरण्याचा आवाज नाही. मी उठून बघितलं. उशी ओली. तिचं कपाळ, मान, पोलकं, सगळं घामानं भिजलेलं, आणि अंग थंड. ओठ हलत होते. मी हलवलं तर डोळे अर्धे उघडले, पण तिनं मला ओळखलं नाही.

मी हाक मारली. आई, आण्णा धावत आले. आण्णा म्हणाले, "उपासाची चक्कर हाय. आठवा दिस हाय नव्हं." आईनं साखरपाणी करून चमचा तोंडाशी नेला. आत्तीनं शुद्ध नसतानाही दात आवळले. तोंडातून एवढंच आलं, "सूर्य..." आईचा चमचा तसाच हवेत राहिला. आमच्या घरात कुणाचाही नियम कुणी मोडायचा नाही, ही आई सून म्हणून आल्या दिवशी शिकलेली गोष्ट.

आण्णांनी डॉक्टरांना फोन लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"त्यांना शुगर आहे का?"

"न्हाई ओ. शुगर मला हाय. तिला बीपी."

"झोपेची गोळी घेतात ना? उपास आणि वर गोळी. ग्लानी असेल. झोपू द्या, मी सकाळी येतो."

त्या वेळी मी गप्प बसायचा विचार केला. खरं सांगते. पूर्ण एक श्वासभर केला. सकाळपर्यंत ती उठली तर कुणालाच काही कळणार नव्हतं. आणि नाही उठली तरी कुणालाच काही कळणार नव्हतं. हे दुसरं वाक्य मनात पूर्ण झालं. मी आण्णांच्या हातून फोन ओढून घेतला आणि म्हणाले, "डॉक्टर, तिनं साखरेची गोळी खाल्लीय. झोपेच्या वाटीत मी घातली होती. झोपेच्या मी खाल्ल्या."

डॉक्टर फोनवर एकच म्हणाले, "कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. आलोच."

ते चार मिनिटांत आले, लुंगीवरच. बोटाला टोचून साखर बघितली, मान हलवली, शीर शोधली आणि सुईतून ग्लुकोज सोडलं. मी आत्तीचा दुसरा हात धरून होते. दोन मिनिटांनी तिनं डोळे उघडले, खोलीभर बघितलं, लुंगीतले डॉक्टर बघून पदर ओढला आणि पहिला प्रश्न विचारला, "तोंडात काय घातलं न्हाई न्हवं?"

"न्हाई आत्ती," डॉक्टर म्हणाले, "हातातनं घातलंय. नियम जाग्याला हाय तुमचा."

मग ते माझ्याकडे वळले. आवाज आता वेगळा होता. "यांना आज दवाखान्यात न्यायचंय, ही गोळी रात्रभर पुन्हा साखर उतरवते. आणि ती वाटी गल्लीभर फिरते ना? आज कुणाकुणाला दिलीय ते विचारा आधी."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आत्तीनं विचार करून दोन घरं सांगितली. मी अनवाणी पळाले.

समोरच्या काकूंनी गोळी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती. "मालिका संपली की खाणार हुते," त्या म्हणाल्या. मी गाठ सोडून गोळी काढून घेतली. त्यांनी का म्हणून विचारलं, आणि मला सांगावं लागलं. दुसरं घर मागच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाईंचं. त्यांच्याकडे गणपती बसलेला. बाईंनी नुकतीच गोळी घेतली होती. मी आरतीच्या ताटातला मोदक उचलून त्यांच्या तोंडात कोंबला, मग दुसरा. त्यांचे यजमान म्हणाले, "अहो, नैवेद्य दाखवायचाय अजून." मी म्हणाले, गणपतीला कळेल. तिसऱ्या मोदकाला बाईंनी माझा हात धरला आणि मी त्यांनाही सगळं सांगितलं, यजमानांसमोर, गणपतीसमोर. त्यांनाही आमच्याच गाडीत घातलं. रात्रभर दोघींची साखर तपासत होते. दोघी वाचल्या. बाईंना तर साधी चक्करही आली नाही. फक्त मोदकांनी पित्त झालं.

गाडीत बाई हळूच मला म्हणाल्या, "मग आता झोपेची कुठनं आणायची? दोन वर्षं झाली, आत्तींच्या गोळीशिवाय मला झोप नाही." त्यांचा हात मांडीवर कापत होता. माझाही कापत होता. ऑफिसातल्या आम्हा चौघापाचजणांना वाटत होतं की हे आमचं शहरी, खास, गुपचूप प्रकरण आहे. आत्ती तेच काम ओसरीवर भर दुपारी करत होती, पुण्य म्हणून.

दुसऱ्या दिवशी आण्णा मला मिरजेला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं, नाचायच्या गोळीपासून, आणि सांगितलं की हे हळूहळू कमी करायचं, महिने लागतील, आणि मधेच शहाणपणा केला तर झटके येऊ शकतात. येताना आण्णा गाडी चालवत होते. अंकलीच्या पुलावर त्यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "माझ्या ड्रॉवरमधल्या गोळ्या कमी झाल्या तवा मला वाटलं मीच दोनदा खाल्ल्या." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी सगळे एकमेकांच्या घरी जातात, हात जोडतात आणि वर्षभराची क्षमा मागतात. वाक्य ठरलेलं असतं, लोक ते एका दमात म्हणतात आणि पुढच्या घरी जातात. समोरच्यानं लगेच "केली" म्हणायचं, आपलीही मागायची, की झालं. लहानपणी मी एका सकाळी तीस घरं उरकायचे.

आत्ती दवाखान्यातून येऊन जाजमावर बसली होती. मी समोर बसले आणि सुरू केलं, "वर्षभरात माझ्याकडून कळत नकळत..."

"नकळत ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कळून केलंस तेवढं सांग."

सांगितलं. क्लब सांगितला, चौघं सांगितले, बाथरूम, साताऱ्याचं मेडिकल. तिनं मधे एकदाच विचारलं, "त्या नाचायच्या गोळीनं काय हुतंय?"

"सगळ्यांवर प्रेम बसतं."

"आन् उतरल्यावर?"

"कुणावरच नाही."

तिनं जाजमाची सुरकुती सारखी केली. मग तिनं माझ्यासमोर हात जोडले. थोरल्यांनीही धाकट्यांची मागायची असते, त्यामुळे मला वाटलं आता ती ठरलेलं वाक्य म्हणणार.

"झोपंच्या गोळीला मधी रेघ असती," आत्ती म्हणाली. "मला ती डोळ्यानं दिसत न्हाई, पर अंगठ्याला लागती. तीन दिस वाटीत हात घातला की बिनरेघंच्याच लागायच्या. चाळून चाळून रेघंची हुडकायची, तवाच खायची आन् लोकांस्नी द्यायची. आठव्या दिशी दुपारपास्नं घावंनाच. आन् माझ्या मनात तू आलीस. म्हटलं, पोरगी आल्यापास्नंच हे चाललंय."

मी तिचे जोडलेले अंगठे बघितले.

"लगीच तोंडात मारून घेतलं. म्हटलं, पर्वाचं दिस, आन् आपल्याच लेकीवर असला संशय? गोळी बरोबरच असंल, माझीच बोटं मेलीत. म्हणून दोघींस्नी दिली, आन् मीबी खाल्ली." तिनं जोडलेले हात अजून सोडले नव्हते. "पर आला हुता संशय. त्याची क्षमा कर बाई मला."

बाहेर लोकांचा घोळका ओसरीवर आला होता, आई त्यांना पाणी देत होती. मला एक शब्द बोलायचा होता, 'केली' एवढाच. तो मला बोलता येईना. मी जाजमावर डोकं टेकून हुंदके देत रडत राहिले, आणि आत्ती हात जोडून माझ्या उत्तराची वाट बघत बसली.